हात आठवतो, क्रम विसरतो

मे महिन्याच्या सुट्टीत पत्त्यांचा कॅट बाहेर निघाला की घरातलं कोणीतरी २१ पत्त्यांची जादू दाखवतंच. तीन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत सात पत्ते. समोरच्याने एक पत्ता मनात धरायचा आणि तो कोणत्या रांगेत आहे एवढंच सांगायचं. पत्ते गोळा करायचे, पुन्हा मांडायचे, असं तीनदा. शेवटी मनातला पत्ता बरोबर हातात येतो. खेळ साधा आहे, हातचलाखी शून्य. तरीही वर्षभराने तोच मामा तेच पत्ते मांडतो आणि पहिल्याच फेरीनंतर अडतो. सांगितलेली रांग मधे ठेवायची होती की वर? पत्ते एकेका रांगेत सलग टाकायचे की तिन्ही रांगांना एकेक वाटत जायचं? आणि शेवटी मोजायचे ते दहा की अकरा?

उत्तरं अशी: पत्ते तिन्ही रांगांना एकेक वाटायचे, सांगितलेली रांग दर वेळी मधे ठेवायची आणि शेवटी अकरावा पत्ता उचलायचा. पण ही तीन उत्तरं नुसती पाठ केली तर पुढच्या मे महिन्यापर्यंत ती पुन्हा पुसट होणार. त्यांच्यामागचं कारण कळलं तर मात्र विसरायला फारसं काही उरत नाही. पहिल्या फेरीनंतर ती रांग मधे गेली की मनातला पत्ता ८ ते १४ या जागांमध्ये कुठेतरी असतो. पुन्हा वाटताना हे सात पत्ते रांगांमध्ये तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या जागीच पडतात. रांग पुन्हा मधे ठेवली की शक्यता १०, ११ आणि १२ एवढ्यावर येते. तिसऱ्यांदा वाटल्यावर हे तीन पत्ते तीन वेगवेगळ्या रांगांत जातात आणि प्रत्येक रांगेत बरोबर चौथे बसतात. शेवटची रांग मधे गेली की वरचे सात आणि हे चार मिळून अकरा. २१ पत्त्यांचा मध्यही अकराच, त्यामुळे वरून मोजा किंवा खालून, पत्ता तोच. याच जातीच्या २७ पत्त्यांच्या खेळाचं गणित फ्रेंच गणिती जोसेफ जर्गोन यांनी १९व्या शतकाच्या आरंभी मांडलं होतं. एकदा हे डोक्यात बसलं की मधलं पाऊल विसरलं तरी पत्ते मांडता मांडता ते पुन्हा शोधून काढता येतं.

दुर्दैवाने जादूचे सगळे खेळ इतके उदार नसतात. हौशी माणूस पुस्तकातून, व्हिडिओंतून, ओळखीच्या जादूगाराकडून हळूहळू आठ-दहा खेळ गोळा करतो. नाणं गायब करणं, रुमालाची गाठ आपोआप सुटणं, तीन लहानमोठ्या दोऱ्या एकसारख्या होणं, निवडलेला पत्ता शोधणं. सराव चांगला चाललेला असतो. मग लग्नघरी कोणी पाव्हणा म्हणतो, ‘‘तू जादू करतोस ना? दाखव की एखादी!’’ आणि डोकं कोरं होतं. बोटं शाबूत असतात, नाणं खिशात असतं, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. नवशिक्यांची ही तक्रार जगभर सारखीच आहे. बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या स्मरणशक्तीला देतात आणि आणखी तासभर बोटं घासत बसतात. बोटांचा सराव वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण अडचण बोटांत नसतेच.

एक खेळ लक्षात ठेवणं म्हणजे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी लक्षात ठेवणं. हाताची हालचाल ही पहिली. हालचालींचा क्रम, म्हणजे कशानंतर काय, ही दुसरी. आणि तोंडाने बोलायचं निवेदन ही तिसरी. या तिन्ही गोष्टी डोक्यात एकाच कप्प्यात राहत नाहीत, हे एका रुग्णामुळे फार ठळकपणे समोर आलं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराचा त्रास कमी व्हावा म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला नवी कोणतीही घटना लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम कोणालाही सुरुवातीला अवघड जातं, कारण आरशात हाताची दिशा उलटी दिसते. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने चालू लागला. मात्र दर दिवशी त्याला वाटे, की हे काम आपण आज पहिल्यांदाच करतो आहोत. हाताने शिकलेलं हाताकडे राहिलं होतं आणि शिकल्याची आठवण मात्र नव्हती.

हाताची आठवण किती चिवट असते याचा दाखला जादूच्या इतिहासातही आहे. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे जाँ यूजेन रोबेर-हूदँ तरुणपणी चार गोळे हवेत झेलायला शिकले. ते जमू लागल्यावर त्यांनी समोर पुस्तक उघडून ठेवलं आणि गोळे हवेत असताना वाचायची सवय लावून घेतली. हात आपलं काम करत असताना डोकं आणि डोळे मोकळे राहावेत, हा त्यांचा हेतू. आत्मचरित्रात ते सांगतात, की ३० वर्षांनंतर, मधल्या काळात गोळ्यांना क्वचितच हात लावलेला असूनही, तीन गोळे झेलत ते आरामात वाचू शकत होते.

म्हणजे हात तीस वर्षं सांभाळतो. क्रम मात्र तीन आठवड्यांतही हातचा जातो. म्हणून नवशिक्याने आपल्या सरावाचा मोठा वाटा क्रमाला द्यायला हवा, आणि नेमकं तेच घडत नाही. आरशासमोर एकच हालचाल शंभरदा करण्यात समाधान असतं, ती सुधारताना दिसते. अख्खा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता, बोलत करून बघण्यात अडखळणंच जास्त होतं, म्हणून तो सराव टळत राहतो.

क्रम आणि हात यांना बांधून ठेवणारा दोर म्हणजे बोलणं. तबला शिकणारा मुलगा आधी ‘धा धिं धिं धा’ तोंडाने म्हणतो, टाळी-खालीसकट, आणि मग त्याचे हात त्या बोलांमागे जातात. मधे कुठे चुकलं तर तो बोलांना धरून पुन्हा समेवर येतो. जादूतलं निवेदन हेच काम करू शकतं, पण त्यासाठी ते हालचालीला टाचलेलं असावं लागतं. ‘‘हे नाणं आजोबांनी दिलंय’’ म्हणताना नाणं दाखवायचं, ‘‘आजोबा जरा लहरी होते’’ म्हणताना ते दुसऱ्या हातात द्यायचं, ‘‘नाणंही त्यांच्यासारखंच’’ म्हणताना मूठ उघडायची. तीन वाक्यं, तीन पावलं. वाक्यांना गोष्टीचा ओघ असल्यामुळे एकातून दुसरं निघतं आणि प्रत्येक वाक्य हाताला पुढचं काम सांगतं. याउलट ‘आता मी हे नाणं या हातातून त्या हातात घेतो’ असं दिसतंय तेच सांगणारं निवेदन प्रेक्षकाला कंटाळवाणं होतं आणि करणाऱ्यालाही आधार देत नाही, कारण ते स्वतःच विसरलं जातं.

रस्त्यावरच्या जादूगारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक असावं. उस्ताद आणि जमूरा यांची सवालजबाबाची जुगलबंदी चौकाचौकांत ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिची लय आठवत असेल. उस्ताद विचारतो, जमूरा ठोकून उत्तर देतो, गर्दी हसते आणि खेळ पुढे सरकतो. या संवादाचा उद्देश करमणूक आणि गर्दी जमवणं हा आहेच. पण प्रत्येक सवालाला एक ठरलेला जबाब आणि प्रत्येक जबाबाला एक ठरलेली कृती असली, की तासभराच्या खेळाचा क्रम दोघांच्या तोंडी आपोआप जिवंत राहतो. एकट्या हौशी कलाकाराकडे जमूरा नसतो. त्याने प्रेक्षकाला विचारायचे प्रश्न ठरवून ठेवले तरी पुष्कळ काम होतं. ‘‘तुम्ही पत्ते पिसले ना?’’ या साध्या प्रश्नाने प्रेक्षक खेळात ओढला जातो आणि पुढचं पाऊल आठवायला दोन सेकंदही मिळतात.

जादूच्या घरात वाढणाऱ्या मुलाला आणखी एक लाभ असतो. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, यांची कला पुढे विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर यांनी चालवली. अशा घरात मूल विंगेतून शेकडो प्रयोग बघतं. कशानंतर काय हे त्याच्या अंगवळणी शिकण्याआधीच पडतं, सुटी हालचाल नंतर येते. पुस्तकातून किंवा पडद्यावरून शिकणाऱ्याची वाट नेमकी उलटी असते. त्याच्या हाती आधी सुटी हालचाल लागते आणि तिला खेळात, खेळाला कार्यक्रमात बसवण्याचं काम त्याला एकट्याने करावं लागतं.

पडद्यावरून शिकण्यात एक मोठा धोका आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. शिकागो विद्यापीठातले मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात लोकांना भांड्यांखालून टेबलावरची चादर झटक्यात ओढून काढण्याचा व्हिडिओ दाखवला. काहींनी तो एकदाच पाहिला, काहींनी २० वेळा. वीसदा पाहणाऱ्यांना ‘हे आपल्याला जमेल’ असा विश्वास कितीतरी जास्त वाटला. बाण फेकण्यासारख्या ज्या कामांत प्रत्यक्ष परीक्षा घेतली, तिथे मात्र जास्त वेळा पाहणाऱ्यांचं काम सरस ठरलं नाही. नुसतं पाहणं वाढलं की आत्मविश्वास वाढतो, कौशल्य वाढत नाही. व्हिडिओ बघताना पुढचं पाऊल पडदाच दाखवत असतो, त्यामुळे ते स्वतः आठवायची वेळच येत नाही. शिवाय समोरून चित्रित केलेल्या हातांचं डावं-उजवं उलटं दिसतं आणि त्या उलटापालटीत नवशिक्याचे पहिले काही दिवस जातात.

म्हणूनच जुनी पुस्तकं अजून उपयोगी आहेत. १९२०च्या दशकात शिकागोहून हार्लन टारबेल यांनी ६० धड्यांचा टपालाने येणारा जादूचा अभ्यासक्रम चालवला. पुढे तो ग्रंथरूपात आला आणि जगभरच्या जादूगारांनी वापरला. १९४८ चं ह्यूगार्ड आणि ब्राउए यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ हे पुस्तक पत्त्यांची एकेक हालचाल शिकवतं आणि लगेच त्याच हालचालीवर उभे असलेले पूर्ण खेळ देतं. पुस्तकातून शिकणं संथ असतं. एक वाक्य वाचायचं, पुस्तक खाली ठेवायचं, पत्ते उचलायचे, करून बघायचं. वाचणं आणि करणं यांच्यातली ती काही सेकंदं शिकणाऱ्याला मजकूर डोक्यात धरून ठेवायला लावतात. तेवढ्यात क्रम रुजू लागतो.

स्मृतीचा अभ्यास करणारे या आठवून पाहण्याला फार महत्त्व देतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. जादूच्या हौशी विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पुस्तक किंवा व्हिडिओ न उघडता, रिकाम्या कागदावर खेळाची पावलं स्वतःच्या शब्दांत लिहून काढायची. जिथे पेन थांबतं तिथेच प्रेक्षकांसमोर हात थांबणार असतो. ती जागा घरी सापडलेली बरी.

सरावाची वेळ कशी वाटायची, याबद्दल ब्रिटनच्या टपाल खात्यातला एक अभ्यास बोलका आहे. टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखनाचा कळफलक शिकवायचा होता. अॅलन बॅडली आणि लॉंगमन यांनी त्यांचे गट पाडले. एका गटाला दिवसातून एकदा एक तास, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसातून दोनदा दोन-दोन तास. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण कमी तास लागले. आणि तरीही हाच गट आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांची प्रगती मंद दिसत होती. रविवारी सलग चार तास पत्ते घेऊन बसणाऱ्या हौशी माणसाला हे आवडणार नाही. पण रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं बसणारा त्याच्या पुढे जाईल.

एका खेळाचा क्रम बसला तरी दोन खेळ एकमेकांत मिसळण्याची अडचण उरतेच. पत्त्यांचे पुष्कळ खेळ सारखेच सुरू होतात: एक पत्ता घ्या, बघा, परत ठेवा. सुरुवात एक आणि वाटा अनेक असल्यामुळे हात सवयीने भलत्याच वाटेला लागतात. अर्ध्या रस्त्यात लक्षात येतं, की आपण करतोय तो खेळ दुसराच. यावर उपाय सुरुवाती वेगळ्या करण्याचा. एका खेळात पत्ता निवडण्याआधी कॅट प्रेक्षकाच्या हाती द्यायचा, दुसऱ्यात चार एक्के आधीच टेबलावर काढून ठेवायचे, तिसऱ्यात पत्त्यांना हात लावण्याआधी कागदावर भविष्य लिहून घडी घालायची. सुरुवातीचं दृश्य निराळं असलं की पुढची अख्खी साखळी निराळी राहते. प्रेक्षकालाही विविधता मिळते.

मग कार्यक्रमाचा क्रम. एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात यावर जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, एखाददोन कमीजास्त, असा अंदाज मांडला. पुढच्या संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. म्हणून बारा पावलांचा खेळ बारा पावलांचा म्हणून लक्षात ठेवणं व्यर्थ आहे. जाणकार त्याचे तीन-चार टप्पे पाडतात. वाट्या आणि चेंडूंचा खेळ हे याचं उत्तम उदाहरण. हा खेळ इतका जुना, की रोमन विचारवंत सेनेका याच्या पत्रांत त्याचा उल्लेख सापडतो, आणि आपल्याकडे तो रस्त्यावर आजही चालतो. बघणाऱ्याला तो अखंड गोंधळ वाटतो. करणाऱ्याच्या मनात मात्र टप्पे असतात: चेंडू एकेक करून वाटीखालून जातात, मग सगळे एका वाटीखाली जमतात, शेवटी वाटी उचलली की लिंबू किंवा बटाटा निघतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी टेबलावर काय दिसायला हवं, हे चित्र पक्कं असलं की मधली हालचाल त्या चित्राकडे हाताला घेऊन जाते. कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन, ज्यांना जादूगार ‘प्रोफेसर’ म्हणत, त्यांची या खेळाची बांधणी पुढच्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखी वापरली. ती बांधणी टिकली याचं एक कारण तिच्यातले टप्पे एकातून एक सहज उलगडतात, हे आहे.

साहित्यालाही आठवण ठेवायला लावता येतं. खिशांचा क्रम, डब्यातली मांडणी, कोणती वस्तू वर आणि कोणती तळाशी, हे एकदा ठरवलं की उघडलेला डबाच पुढचा खेळ सांगतो. पहिल्या खेळातला रुमाल दुसऱ्या खेळात लागतो, दुसऱ्यातलं नाणं तिसऱ्यात, अशी गुंफण केली तर हातात उरलेली वस्तूच पुढचं पाऊल असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पंधरा मिनिटं मिळालेल्या नवशिक्याला यापेक्षा भरवशाचा आधार मिळणार नाही.

तयारीच्या जागेचाही परिणाम होतो. डंकन गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर केलेला प्रयोग यासाठी सांगितला जातो. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, काठावर शिकलेले काठावर. पलंगावर मांडी घालून, घरच्या कपड्यांत, टीव्हीसमोर बसवलेला खेळ उभ्याने, जाकिटात, परक्या दिवाणखान्यात अडखळतो तो यामुळेही. कार्डिनी या नावाने गाजलेला वेल्सचा जादूगार रिचर्ड पिचफोर्ड पहिल्या महायुद्धात खंदकात होता. तिथल्या थंडीत तो हातमोजे घालून पत्त्यांचा सराव करायचा, असं सांगतात. पुढे रंगमंचावर तो हातमोजे घालूनच उभा राहिला: एकडोळी चष्मा, उंच टोपी, जरा चढलेला सभ्य गृहस्थ, आणि त्याच्याच हातात न थांबता उगवत राहणारे पत्ते आणि सिगारेटी. एक शब्दही न बोलता चालणारा तो काही मिनिटांचा प्रयोग त्याने बहुतेक कारकीर्दभर घासूनपुसून चमकवला. जगभर नाव झालेल्या माणसाला तेवढं पुरलं. नवशिक्याला पहिल्या वर्षी तीन खेळ नक्की पुरतील.

हौस वाढली की काही जण एका निराळ्या पाठांतराकडे वळतात. ५२ पत्त्यांचा कॅट एका ठरलेल्या क्रमात लावायचा आणि प्रत्येक पत्त्याची जागा तोंडपाठ करायची. काही रचनांना गणिती नियम असतो, त्यामुळे एका पत्त्यावरून पुढचा काढता येतो. सी स्टेबिन्स या जादूगाराच्या नावाने ओळखली जाणारी रचना अशी आहे. स्पेनचे हुआन तामारिस यांची ‘नेमोनिका’ मात्र पूर्ण पाठ करावी लागते. आकड्यांना चित्रात बदलून असं पाठांतर करण्याची रीत अमेरिकेचे हॅरी लोरेन यांनी घरोघरी नेली. १९२६ ते २०२३ असं दीर्घ आयुष्य लाभलेले लोरेन स्मरणतज्ज्ञ होते आणि पत्त्यांचे नामांकित जादूगारही. त्यांची पद्धत अंकांना व्यंजनं देण्यावर चालते.

भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या गणिती आणि ज्योतिषी परंपरेत कटपयादी नावाची अशीच पद्धत शेकडो वर्षं वापरात होती. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. ग, ड, ब, ल म्हणजे ३. घ, ढ, भ, व म्हणजे ४. ङ, ण, म, श म्हणजे ५. असं पुढे ह पर्यंत. व्यंजनाला जोडलेले स्वर मोजायचे नाहीत. जुन्या ग्रंथांत या अक्षरांचे अंक उजवीकडून डावीकडे वाचतात, पण पत्ते पाठ करणाऱ्याने सोयीसाठी डावीकडून वाचायला हरकत नाही. मग १४ म्हणजे ‘पाव’, १३ म्हणजे ‘पूल’, ३१ म्हणजे ‘गाय’, ४३ म्हणजे ‘वेल’, ५२ म्हणजे ‘मोर’. समजा, १४व्या जागी बदाम राणी आहे. तर राणी सिंहासनावर बसून चहात पाव बुडवते आहे, असं चित्र मनात रंगवायचं. ३१व्या जागी इस्पिक गुलाम असेल तर तो गाईची धार काढतो आहे. चित्र जितकं विचित्र, तितकं ते टिकतं. परक्या भाषेतल्या खुंट्या उसन्या घेण्यापेक्षा मराठी माणसाला ‘मोर’ आणि ‘गाय’ कितीतरी लवकर दिसतील. हे पाठांतर नवशिक्याने पहिल्याच वर्षी करावं असं नाही. पण इतकी जुनी युक्ती आपल्या भाषेच्या वर्णमालेतच तयार पडलेली आहे, तिचा उपयोग व्हायला हवा.

हीच चित्रांची रीत एका फार साध्या अडचणीवरही चालते. पत्त्यांच्या पुष्कळ खेळांत करणाऱ्याला एखादा पत्ता शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागतो आणि घाबरलेला नवशिक्या नेमका तोच विसरतो. पत्ता असतो किलवर सत्ती, पण गप्पांच्या ओघात ती चौकट सत्ती होते. पत्ता दिसताक्षणी त्याला एखाद्या माणसाशी किंवा प्रसंगाशी जोडला तर तो निसटत नाही.

आणि तरीही विसरायला होईलच. जादूत एक मोठी सवलत आहे, जी गायकाला किंवा नटाला नाही: पुढे काय घडणार हे प्रेक्षकाला माहीत नसतं. म्हणून मुरलेले जादूगार शेवट आधी जाहीर करत नाहीत. ‘‘आता हे नाणं तुमच्या खिशातून निघेल’’ असं बोलून टाकलं की परतीची वाट बंद. काहीच सांगितलं नसेल तर मधलं पाऊल गळलं तरी नाणं मुठीतून गायब झालं, इथेच हसून थांबता येतं आणि ती पूर्ण जादू ठरते. पट्टीचे कलाकार प्रत्येक खेळात अशा एकदोन थांबण्याच्या जागा आधीच हेरून ठेवतात. त्या माहीत असल्या की भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की आठवतंही जास्त.

सोडून दिलेल्या खेळांचं काय, हाही प्रश्न हौशी लोकांना छळतो. नोकरी, परीक्षा, घरातलं आजारपण यांत वर्षभर कॅट कपाटात पडून राहतो आणि वाटतं, सगळं गेलं. जर्मन संशोधक हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला, तेव्हाच त्यांनी दुसरी गोष्टही दाखवली होती. जे पूर्ण विसरल्यासारखं वाटतं ते पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. शिकलेल्याचा काही अंश न आठवताही शिल्लक असतो. हातचलाखीत तर हाताने बहुतेक भाग जपलेला असतो, फक्त क्रम आणि बोल परत मिळवावे लागतात. त्यासाठी वहीत प्रत्येक खेळाला एक पान पुरतं. सुरुवातीला कोणती वस्तू कुठे असते, टप्पे कोणते, प्रत्येक टप्प्याला म्हणायचं एक वाक्य, कुठे थांबता येतं, आणि खेळ संपल्यावर खिशात काय उरतं. गुपित लिहायची गरज नाही, ते हाताला ठाऊक असतं. वही कोणाच्या हाती लागली तरी त्याला काही कळणार नाही. ज्याने लिहिली त्याला मात्र एका संध्याकाळी ते पान, तो रुमाल आणि पंचवीस पैशांचं जुनं नाणं घेऊन बसलं, की रात्रीच्या जेवणाआधी खेळ परत उभा करता येतो.